पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी स्पीकरची पाठ पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि दिवाळीच्या आधीचा महिना हा घरोघरी पॉलिशचा हंगाम. देव्हारा, सोफा, शोकेस निघाले की कोपऱ्यातले जुने स्पीकरही 'हेही होऊन जाऊ दे' म्हणून पुढे सरकवले जातात. पॉलिशवाला सवयीने 80 नंबरचा पॉलिश पेपर लावतो, लांबी भरतो, वॉलनट (अक्रोड) रंगाचा स्टेन ओढतो आणि वर मेलामाइन या कडक पॉलिशचा फवारा मारतो. सागाचा भरीव देव्हारा हे सगळे सोसतो. स्पीकरची पेटी सोसत नाही. तिच्यावरचे लाकूड म्हणजे जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा (व्हिनियर) असतो आणि त्याखाली चिपबोर्ड किंवा प्लाय. एकदा पापुद्रा घासून आरपार झाला की तिथे परत लाकूड आणता येत नाही, नुसता रंग भरता येतो आणि तो कायम दिसत राहतो.

1950 ते 1980 या काळातले परदेशी स्पीकर आज महाराष्ट्रात पुष्कळ घरांत आहेत. कुणाच्या वडिलांनी आखातातून किंवा इंग्लंडमधून आणलेले, कुणी पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून घेतलेले. अशा पेटीला हात लावण्याआधी दोन प्रश्न सुटे करून विचारावेत, यासाठी हे पत्र आहे. लाकूड कोणते? आणि त्यावर चढवले काय आहे? 'वॉलनट फिनिश' या दोन शब्दांत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि बरेचसे नुकसान तिथूनच सुरू होते.

अमेरिकेतल्या क्लिप्श कंपनीने हा फरक लेबलवरच लिहून ठेवला आहे. पॉल क्लिप्श यांनी 1946 मध्ये आर्कान्सॉ राज्यातल्या होप या गावी ही कंपनी काढली. त्यांच्या जुन्या स्पीकरच्या पाठीवर 'एचडब्ल्यूओ' अशी अक्षरे सापडतात. एच म्हणजे हेरसी हे मॉडेल, डब्ल्यू म्हणजे वॉलनट, ओ म्हणजे ऑइल. 'सीडब्ल्यूओ' असेल तर तेल दिलेल्या वॉलनटचा कॉर्नवॉल. शेवटी ओ ऐवजी एल असेल तर तेलाऐवजी लॅकर, म्हणजे लाकडावर पारदर्शक थर धरणारे पॉलिश. 'एलएसबीआर' म्हणजे ला स्काला, बर्च, रॉ, म्हणजे वर काहीच न चढवलेला, बर्च या फिकट लाकडाचा प्लाय. इतर कंपन्यांनी इतके सविस्तर लिहिले नाही, पण मॉडेलचे नाव पाठीवर असतेच आणि त्यावरून अंदाज बांधता येतो. अकूस्टिक रिसर्चचा एआर-3ए किंवा जेबीएलचा एल-100 सेंच्युरी असेल तर बहुधा तेल दिलेले वॉलनट. बँग अँड ओलुफसेनच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या पेट्या असतील तर साग किंवा रोजवुड. बीबीसीने आखलेला छोटा एलएस3/5ए असेल तर साधारण 12 मिलिमीटर बर्च प्लायवर साग, वॉलनट किंवा रोजवुड. अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. मधल्या पन्नास वर्षांत कुणी काय केले ते लेबल सांगत नाही. पण सुरुवात पाठीपासूनच करावी.

मग आधी हे पाहावे की पेटीवर लाकूड आहे तरी का. सत्तरच्या दशकात स्वस्त आणि मध्यम किमतीच्या पुष्कळ पेट्यांवर लाकडाची छपाई केलेली व्हिनाइलची फिल्म चिकटवलेली असे, आणि लांबून ती भल्याभल्यांना फसवते. सोनाराकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक टॉर्च एवढ्यावर काम होते. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ आडवी धरा. खऱ्या लाकडाची छिद्रे म्हणजे खरेखुरे खळगे असतात, आडव्या उजेडात त्यांच्या एका काठावर सावली पडते. छापलेल्या लाकडात भिंगाखाली रंगाचे ठिपके दिसतात. काही फिल्मवर खळगे दाबून उठवलेले असतात, पण ते छापलेल्या रेघांवर नेमके बसत नाहीत, शेजारी सरकलेले असतात. दुसरी खूण कोपऱ्यावर. फिल्म कोपऱ्यावरून दुमडून जाते, त्यामुळे कड किंचित गोल असते आणि कुठेही सांधा नसतो. व्हिनियरच्या कडेला मात्र 45 अंशांत जोडलेल्या दोन फळ्यांची बारीक रेघ किंवा भरीव लाकडाची पट्टी सापडते. तिसरी खूण नक्षीची. एखादी ठळक गाठ किंवा वळण निवडा आणि तेच वळण काही अंतरावर हुबेहूब पुन्हा येते का ते पाहा. झाड असे करत नाही. मात्र दोन शेजारच्या पट्ट्यांत नक्षी आरशात पाहावी तशी उलटी आली असेल तर ती छपाई समजू नये. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे काप पुस्तकासारखे उघडून लावायची ती रीत आहे आणि चांगल्या कामाची खूण आहे.

व्हिनाइल निघाले तर नाराज होण्याचे कारण नाही, पण त्यावर पॉलिश पेपर आणि थिनर दोन्ही वर्ज्य. साबणाच्या कोमट पाण्यात पिळून घेतलेले फडके पुरे. सुटलेला कोपरा हेअर ड्रायरच्या मंद वाऱ्याने मऊ करून सॉल्व्हंटचा काँटॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, दहा मिनिटांनी तो हाताला चिकटेनासा झाला की दाबून बसवायचा.

लाकूड खरे असेल तर पुढचा प्रश्न कोणते. इथे रंगावर विसंबू नये. पन्नास वर्षांच्या उजेडाने प्रत्येक लाकडाचा रंग बदलतो आणि प्रत्येकाचा वेगळ्या दिशेने: वॉलनट उजळते, चेरी आणि महोगनी गडद होतात, रोजवुडचा जांभळटपणा जाऊन ते मधाच्या रंगाकडे झुकते. म्हणून पुढची जाळी काढा आणि तिच्या आड गेलेली कड पाहा, किंवा पाठीमागच्या पट्टीखालची जागा. उजेड न लागलेला रंग तिथे शिल्लक असतो. तिथे टर्पेंटाइनचा ओला बोळा फिरवला की पॉलिश केल्यावर लाकूड कसे दिसेल तेही कळते. टर्पेंटाइन उडून जाते आणि पाण्यासारखे रेषा फुगवत नाही.

वॉलनट म्हणजे अमेरिकेतले काळे अक्रोड. रंग थंड तपकिरी, कधी किंचित करडा-जांभळट. भिंगाखाली छिद्रे बारीक गडद तुटक रेघांसारखी दिसतात, वाढीच्या प्रत्येक कडीच्या सुरुवातीला मोठी आणि पुढे हळूहळू लहान होत गेलेली. हात फिरवला तर कोरडे लागते. सागाची गोष्ट वेगळी आणि ती आपल्याकडच्या सुताराला नव्याने सांगायला नको: प्रत्येक कडीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग, त्यांत कुठे पांढरट-पिवळट भरण, हाताला तेलकट स्पर्श, आणि आतल्या कडेला कागदाचे एक-दोन हात मारले की चामड्यासारखा वास. डेन्मार्क-इंग्लंडमधल्या पेट्यांवरचा साग जुन्या तेलाने नारिंगी-तपकिरी झालेला असतो, म्हणून तो आपल्याला सागासारखा वाटत नाही आणि त्याला वॉलनट समजून वर स्टेन मारला जातो. एक गफलत खुद्द इंग्लंडमध्येच होई. अफ्रोर्मोसिया हे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले लाकूड त्या काळी सागाच्या जागी सर्रास वापरत. त्याचा पोत सागापेक्षा बारीक, तेलकटपणा नाही, चामड्याचा वास नाही, आणि ओल लागली की लोखंडी खिळ्या-स्क्रूभोवती काळा डाग धरतो.

रोजवुडबद्दल थोडे जास्त लिहायला हवे, कारण बाजारात सर्वाधिक खोटे याच नावाने खपते. लंडनच्या व्यापाऱ्यांनी ज्याला ईस्ट इंडियन रोजवुड म्हटले तो आपला पश्चिम घाटातला शिसव. दुसरे ब्राझीलचे. दोन्ही डालबर्जिया या एकाच प्रजातीतले. खऱ्या रोजवुडमध्ये काळ्या रेघा अनियमित असतात, वाढीच्या कड्यांना धरून न जाता मध्येच त्यांना ओलांडतात; छिद्रे मोजकी, विखुरलेली, नुसत्या डोळ्यांना दिसणारी, आणि काहींत चमकदार गडद डिंक. खोट्यात साध्या फिकट लाकडावर लालसर स्टेन देऊन ब्रशने काळ्या रेघा ओढलेल्या असतात. भिंगाखाली ब्रशची रेघ छिद्रांवरून सरळ निघून जाते, त्यांच्या आत शिरत नाही, आणि खरवडलेल्या जागी खालचे फिकट लाकूड लगेच उघडे पडते. परदेशी राहणाऱ्या मुलांकडे असे स्पीकर पाठवायचे असतील तर आधी नियम पाहावेत: ब्राझिलियन रोजवुड 1992 पासून सायटीस या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्या प्रजातीतली इतर झाडे, आपल्या शिसवासकट, जानेवारी 2017 पासून दुसऱ्या परिशिष्टात. नेमके नाव ठाऊक नसेल तर कागदपत्रांवर 'रोजवुड' असे मोघम लिहू नये.

महोगनी आणि ओक ओळखणे सोपे. महोगनीत छिद्रे सगळीकडे सारखी पसरलेली, लालसर भरणाची. ओकमध्ये छिद्रांच्या ठळक रांगा आणि उभ्या कापात चकाकणारे आडवे पट्टे.

आता वरचे आवरण. या चाचण्या पेटीच्या तळाला किंवा पाठीच्या कडेला, नाण्याएवढ्या जागेत करायच्या, कान साफ करायच्या कापसाच्या काडीने, आणि सौम्य द्रावणापासून जहालाकडे जात. क्रम उलटा केला तर थिनर लाख आणि लॅकर दोन्ही विरघळवतो आणि काही कळत नाही. बॅज, कागदी लेबल आणि पुढच्या फोमपासून दूर राहा.

आधी पाण्याचा एक थेंब पाच मिनिटे ठेवा. थेंब मुरून लाकूड गडद झाले तर वर थर नाही, तेलाचे काम आहे आणि ते भुकेले आहे. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर थर आहे किंवा मेण आहे. मग पांढऱ्या फडक्यावर टर्पेंटाइन घेऊन पुसा: पिवळट-तपकिरी मळ येतो तो मेणाचा आणि वर्षानुवर्षांच्या धुराचा. त्याच जागी पाण्याची चाचणी पुन्हा करा, कारण मेण गेल्यावर उत्तर बदलू शकते. तिसरा थेंब डिनेचर्ड स्पिरिटचा. मिनिटभरात पृष्ठभाग चिकट झाला आणि काडीवर रंग आला तर ते चपडा लाखेचे काम, म्हणजे आपले स्पिरिट पॉलिश. नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चखाली लाख नारिंगी उजळते, तीही एक साक्ष. स्पिरिटला दाद दिली नाही तर चौथा थेंब एनसी थिनरचा. त्यात विरघळले तर नायट्रोसेल्युलोज लॅकर, आणि त्या काळातल्या कारखान्यांत बहुतेक तेच वापरत. काळाने ते पिवळे पडते आणि त्याला केसासारख्या बारीक भेगा जातात. थिनरनेही विरघळले नाही, फार तर सुरकुतले, तर ते मेलामाइन, पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर.

भारतात फिरून आलेल्या पेटीवर मेलामाइन निघाले तर ते मूळचे नसून नंतर कुणी मारलेले असण्याचा संभव मोठा. त्याची खात्री स्क्रूकडे पाहून होते. कारखान्यात आधी पेटी रंगवतात, मग स्क्रू बसवतात. म्हणून मूळ पेटीत स्क्रूच्या खाचा कोरड्या आणि धारदार असतात. नंतरच्या फवाऱ्यात याच खाचांत लॅकर साचून गोठलेले असते, बॅजच्या काठावर त्याची बारीक कड येते आणि पाठीच्या लेबलवर चमक चढते. अशी पेटी 'ओरिजिनल पॉलिश' म्हणून विकत घेऊ नये.

उत्तरे हाती आली की काम बहुतेक वेळा लहान असते. तेल दिलेल्या वॉलनट-सागाला पॉलिश पेपर लागतच नाही. टर्पेंटाइनने मळ काढा, दोन दिवस वाळू द्या, मग 'बॉइल्ड लिनसीड ऑइल' म्हणून तयार मिळणारे जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे करून बिनधाग्याच्या फडक्याने रेषेच्या दिशेने चोळा. फूट-दोन फूट उंचीच्या जोडीला एका हाताला 50 मिलिलिटर मिश्रण पुरते. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले सगळे पुसून घ्यायचे. ही पायरी गाळली की पृष्ठभाग महिनोन्महिने चिकट राहतो आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. चोवीस तासांनी दुसरा हात, आणि बस. खोबरेल लावू नये, ते कधीच सुकत नाही, नुसती धूळ धरते. बाटलीवर टीक ऑइल लिहिलेले असले तरी ते सागाचे तेल नसते, साधारणपणे सुकणारी तेले, थोडे वॉर्निश आणि टर्पेंटाइनसारखे द्रावण यांचे मिश्रण असते. चालते, पण थर पातळ ठेवावा. फर्निचरचे चकाकी देणारे सिलिकोनचे फवारे टाळावेत, कारण पुढे कधी लॅकर मारायची वेळ आली तर सिलिकोनमुळे त्यात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

घासावेच लागले तर हाताने, लाकडी ठोकळ्यावर 320 नंबरचा कागद गुंडाळून, रेषेच्या दिशेने. कडांवर दाब देऊ नये, पापुद्रा तिथेच आधी जातो. मशीन लावू नये. आणि एक गोष्ट जी सुताराला माहीत असण्याचे कारण नाही: स्पीकरजवळ स्टील वूल नको. त्याचे केसाएवढे तुटलेले तुकडे चुंबकाकडे ओढले जातात, कॉइलच्या अरुंद फटीत शिरतात आणि नंतर प्रत्येक सुरात खरखर करतात. शिवाय वॉलनट आणि ओकमध्ये टॅनिन असते. लोखंडाचा कण राहिला आणि ओल आली की निळा-काळा ठिपका उमटतो. पांढरा नायलॉनचा स्क्रब पॅड वापरा आणि आधी स्पीकरचा थरथरणारा पडदा (कोन) झाकून घ्या.

पेल्याचे पांढरे वर्तुळ म्हणजे ओल थरात अडकली आहे. लाख किंवा लॅकर असेल तर स्पिरिटचा नुसता वास लागेल इतके कोरडे फडके त्यावरून भर्रकन फिरवल्यास ते बहुधा जाते. काळे वर्तुळ म्हणजे ओल लाकडापर्यंत पोचली. त्यासाठी वरचा थर उतरवून, लिटरभर कोमट पाण्यात 80 ते 100 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून ब्रशने लावतात आणि वाळल्यावर दोन-तीनदा ओल्या फडक्याने पुसतात. हे विषारी आहे: हातमोजे हवेत, वाळलेली भुकटी झाडू किंवा घासू नये, नाकात जाते. 1960 च्या आधीच्या पेट्यांत व्हिनियर सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांच्या गोंदाने, चिकटवलेले असू शकते, तिथे पाणी अगदी बेताने.

व्हिनियरला फुगा आला असेल तर आधी चिकटवणूक कोणती ते पाहावे. सरस असेल तर ओलसर फडक्यावरून मध्यम गरम इस्त्री फिरवून वजन ठेवले की तो पुन्हा धरतो. नंतरच्या पेट्यांतला युरियाचा गोंद उष्णतेने वितळत नाही. तिथे नव्या पात्याने रेषेच्या दिशेनेच चीर द्यायची, इंजेक्शनच्या सिरिंजने पांढरा फेविकॉल आत सोडायचा, वर प्लास्टिकचा कागद आणि सपाट फळी ठेवून रात्रभर वजन. मात्र फरशी पुसताना पाणी पिऊन तळाचा चिपबोर्ड फुगला असेल तर तो परत बसत नाही. आपल्याकडच्या जुन्या पेट्यांतला हा सगळ्यात नेहमीचा रोग आहे आणि त्यावर इलाज एकच, दोन-तीन इंच उंचीचा स्टँड, तोही आधीच.

लॅकर पुन्हा चढवणे खरोखर अटळ असेल तर गणपतीची घाई करू नका. भर पावसाळ्यात फवारलेले लॅकर दुधाळ पडते, कारण उडणारा थिनर पृष्ठभाग थंड करतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. दसऱ्यानंतरची कोरडी हवा बरी. दोन्ही स्पीकर एकाच वेळी, एकाच हाताने होऊ द्या. चांगल्या कंपन्या जोडीसाठी एकाच ओंडक्याचे काप निवडत आणि एकाला वेगळा रंग चढला की ती जोडी मोडली. काम सुरू होण्याआधी ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे गोल भाग, काढून भोके झाकायला सांगा, स्टेन नको हे कागदावर लिहून द्या आणि पाठीचे लेबल मास्किंग टेपने नव्हे, कागद टाचून झाका, टेप निघताना जुनी छपाई सोबत घेऊन येते.

जवसाच्या तेलाची फडकी काम संपल्यावर बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. सुकताना हे तेल उष्णता सोडते, दुमडीत ती कोंडते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. गॅलरीत दोरीवर एकेरी पसरून ती पुठ्ठ्यासारखी कडक होऊ द्या, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

आपले,
जुन्या स्पीकरपेट्यांची दुरुस्ती करणारे काही वाचक, पुणे